कोपर काटकोनात ठेवावे

मनगटाचे दोन उपयोग आहेत. ज्याचे असेल त्याने त्यावर काम करावे, आणि ज्याचे नसेल त्याने ते कसे धरावे हे सांगावे. पहिला उपयोग करणारी माणसे पैशाला पासरी मिळतात व त्यांची कोणी दखल घेत नाही. दुसरा उपयोग करणारा माणूस मात्र गावाला नशिबाने लाभतो. चौलच्या अलीकडे, खाडीकाठच्या कोळीवाड्याला तो हरेश्वरच्या रूपाने लाभला होता.

हरेश्वर मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटांच्या खिडकीत बसे. एक बोट सुटल्यावर दुसरी लागेपर्यंत त्याला ज्ञानप्राप्ती होई. (ज्ञान मोबाइलवर येते आणि जेट्टीवर रेंज चांगली असते.) घरची होडी धाकटा भाऊ चालवी, मासळी बायका बघत, त्यामुळे हरेश्वरच्या डोक्यात बरीच जागा मोकळी होती. त्या जागेत आधी हवामान होते, मग जागतिक राजकारण आले. शेवटी बायकोचा हात दुखू लागला तेव्हा माऊस आणि कीबोर्ड येऊन बसले.

बायको म्हणजे किशोरी. ती मुंबईच्या एका प्रकाशकाची जुनी पुस्तके घरी बसून संगणकावर टाईप करून देई. तिचा हात इतका चालू होता की ओटीवर कोणी आले तरी मान वर न करता ती पान पुरे करी. अलिबागेत एका कार्यालयात टंकलेखकाच्या जागा निघाल्या तेव्हा तिने गुपचूप अर्ज केला होता, लेखी परीक्षा पासही झाली होती, आणि आता फक्त टायपिंगची चाचणी उरली होती. ही नोकरी तिला जीव तोडून हवी होती. कारण साधे होते. जी बाई सकाळच्या एसटीने अलिबागला जाते तिला दिवसभर बोंबील घालता येत नाहीत.

बोंबील घालणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते फक्त ताटात पाहिले त्यांच्यासाठी सांगतो. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून उंच मांडव केलेला असतो, त्याला वलांडी म्हणतात. दोन ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. दर जोडीला मनगटाला एक पीळ बसतो. होडी भरून आली की दिवसभरात असे किती पीळ बसतात हे कोणी मोजलेले नाही, कारण मोजायला हात मोकळे नसतात.

किशोरीच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा हरेश्वर तिला अलिबागच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबली आहे. हाताला आराम द्या, एकच हालचाल सारखी करू नका, हा पट्टा जमेल तितका वेळ बांधा, नाहीतर ऑपरेशन करावे लागेल. हरेश्वरने सगळे नीट ऐकून घेतले आणि परतताना मोटारसायकलवरच निदान पक्के केले. दोष माऊसचा होता.

या निदानामागे सरळ तर्क होता. त्याची आई मनुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून बोंबील घालत होती. तिच्या काळी घरात माऊस नव्हता. आणि तिने हात दुखतो अशी तक्रार जन्मात केली नव्हती. (मनुबाईच्या दोन्ही मुठी आता पुऱ्या मिटत नाहीत. पण मुठी मिटून दाखव असे तिला कोणी म्हटलेले नसल्यामुळे ही गोष्ट पुराव्यात धरता येत नाही.)

मग हरेश्वर कामाला लागला, म्हणजे त्याने किशोरीच्या कामात लक्ष घातले. संगणकाच्या वर भिंतीवर त्याने नियम चिकटवले. कीबोर्ड पोटासमोर असावा आणि त्याचे मागचे पाय मिटलेले असावेत. (कीबोर्डचे.) माऊस कीबोर्डला खेटून ठेवावा, कारण हात लांब करून माऊस धरल्यास खांद्यावर ताण येतो. (हात लांब करून वलांडीची वरची दोरी धरल्यास व्यायाम होतो.) मनगट टेबलावर घासू नये, हात कोपरापासून हलवावा. कळा हलक्या बोटाने दाबाव्यात, त्यांनी आपले काही वाईट केलेले नाही. माऊसशिवाय जे होते ते कळांनीच करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोपर काटकोनात ठेवावे. यासाठी त्याने होड्या बांधणाऱ्या सुताराकडून गुण्या मागून आणला. रोज संध्याकाळी तो किशोरीच्या कोपरात गुण्या धरून एक डोळा मिटून बघे, आणि कोन बरोबर असला की समाधानाने जेवायला बसे. त्याला भाकरी मात्र गरमच लागे.

काटकोनासाठी खास खुर्चीही आली. वरखाली होणारी, गोल फिरणारी, पाठीला आधार देणारी. आता घरात एवढी चांगली खुर्ची असताना आल्यागेल्याला पाटावर बसवणे बरे दिसत नाही. आल्यागेल्यानंतर जेट्टीवरून दमून आलेला हरेश्वर तिच्यात बसे, कारण खुर्ची शास्त्रशुद्ध आहे की नाही हे कोणीतरी तपासत राहायला हवे. किशोरीला मासळीचा एक प्लास्टिकचा क्रेट उपडा घालून त्यावर गोधडी दिली. गुण्या लावून पाहिला, कोन तोच आला. शास्त्राला कोनाशी कर्तव्य आहे, बुडाखाली काय आहे याच्याशी नाही.

विश्रांतीच्या बाबतीत तर हरेश्वर फारच काटेकोर होता. वीस मिनिटे टायपिंग झाले की उठलेच पाहिजे, यासाठी तो जेट्टीवरून फोन करी. विश्रांतीत हात नुसते ठेवू नयेत, आखडतात, म्हणून तेवढ्यात कालवणाचे वाटप वाटून घ्यावे, भाकऱ्या थापाव्यात, वलांडीवरचे बोंबील उलटून यावे, असे तो सुचवी. किशोरी विश्रांती घेऊन इतकी दमे की पुन्हा कीबोर्डपाशी येऊन बसली की तिला हायसे वाटे. हे पाहून आपले नियम लागू पडत आहेत अशी हरेश्वरची खात्री झाली.

राहिला पट्टा. तो निळा, कापडी, आत पट्टी घातलेला असा उत्तम होता आणि त्याचा मान हरेश्वरने पहिल्या दिवसापासून राखला. संगणकाशेजारी त्याच्यासाठी खिळा ठोकला. टायपिंगला बसताना पट्टा बांधायचा, उठताना काढून खिळ्याला लावायचा. मासळीला हात लावताना तो बांधणे सक्त मना होते, कारण कापडाला बोंबलाचा वास एकदा लागला की जात नाही. डॉक्टरांनी जमेल तितका वेळ म्हटले होते, आणि मासळीत तो जमत नव्हता. दसऱ्याला होडीच्या इंजिनाबरोबर माऊसची पूजा झाली तेव्हा पट्ट्यालाही हळदकुंकू लागले. (हळदीचा डाग चालतो. त्याला वास नसतो.)

असे ज्ञान एका घरात कोंडून ठेवणे हा स्वार्थ झाला असता. म्हणून हरेश्वरने समाजमंदिरात शिबिर भरवले. फलकावर लिहिले होते, ‘गृह-टंकलेखिका मनगट संरक्षण शिबिर’. घरी बसून टाईप करणाऱ्या वाड्यातल्या बायका आल्या, चौलच्या मोहल्ल्यातूनही दोघीतिघी आल्या. पुढच्या रांगेत, टाईप न करणारे पुरुष मार्गदर्शनासाठी बसले. शिबिरार्थींनी चहापोहे करून शिबिर यशस्वी केले. किशोरीला आदर्श म्हणून मंचावर बसवायचे असल्याने तिला त्या दिवशी खुर्ची पहिल्यांदा बसायला मिळाली. ती चांगली होती, असे तिचे मत झाले, पण ते कोणी विचारले नाही.

शिबिरात पाहणीही झाली. टायपिंग करताना हात दुखतो का, या प्रश्नावर शंभर टक्के बायकांनी हात वर केले. काहींना तो खांद्याच्या वर नेता आला नाही, त्यांचाही धरला. टायपिंग करत नसताना दुखतो का, हा प्रश्न पाहणीत नव्हता. चौलची हफ्सा तो न विचारताच सांगू लागली. ती आखातात नोकरीला जाणाऱ्यांचे अर्ज घरी टाईप करून देई. शांतपणे उभी राहून तिने विचारले, “हरेश्वरभाई, भाकरी थापताना माऊसपेक्षा जास्त दुखतं. त्याला काय करायचं?”

हरेश्वरने फलकाकडे बोट दाखवले. “भाकरीला कीबोर्ड लागतो काय?” तो म्हणाला. “न्हाय ना? मग तो विषय आपल्या शिबिरात बसत न्हाय.”

पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. हफ्साने खाली बसून आपले मनगट दुसऱ्या हाताने दाबायला घेतले. हरेश्वरने तिला हात काटकोनात ठेवायची आठवण केली.

चाचणीचे पत्र घरी आले तेव्हा गुपचूप केलेला अर्ज सगळ्यांना कळला. चाचणी जवळ आली तशी किशोरी दार लोटून सराव करू लागली. वेग चांगला होता. अंगठा मधूनमधून झोपी जाई, पण जरा झटकला की उठे. चाचणीच्या आदल्या दिवशी हरेश्वरने जेट्टीवर रजा टाकली आणि सकाळीच कीबोर्डवर फडके घातले. आज हाताला संपूर्ण विश्रांती, असे त्याने जाहीर केले. मोठे खेळाडू सामन्याच्या आदल्या दिवशी असेच करतात, हे त्याने पाहिले होते. नेमकी त्याच सकाळी भावाची होडी काठोकाठ बोंबील घेऊन आली.

मनुबाई टोपली उचलत म्हणाली, “बोंबील कुनाच्या परीक्षेसाठी थांबत न्हाय, बाय.”

यात खोटे काही नव्हते. किशोरी उठली. दारापर्यंत गेली आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाली, “उद्या मला आंगठा लागंल. निदान पट्टा तरी बांधून जाऊ दे.”

“येडी हायस काय?” हरेश्वर खुर्चीतून म्हणाला. “वास मारंल. उद्या परीक्षेला वासाचा पट्टा बांधून बसशील?”

त्याचा स्वर प्रेमळ होता. विश्रांतीचा तो संपूर्ण दिवस किशोरी वलांडीखाली उभी राहिली. ऊन कलले तेव्हा बोंबील घालून झाले होते, आणि हरेश्वरने कीबोर्डवरचे फडके एकदाही हलू दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अलिबागेत किशोरी पट्टा बांधून चाचणीला बसली. पट्टा स्वच्छ होता, त्याला साबणाचा वास येत होता. कोपर काटकोनात होते. घंटा झाली तशी बोटे धावू लागली, आणि बऱ्याच ओळी झाल्यावर तिने पडद्याकडे पाहिले. ‘किनाऱ्यावरीललोकांचेजीवनसमुद्रावरअवलंबूनअसते’ असे काहीतरी तिथे सलग चालले होते. अंगठा दोन शब्दांमधली जागा सोडायची कळ दाबत आहे असे तिला वाटत होते, पण तो नुसता कळीवर पडून होता. तिने डाव्या अंगठ्याने करून पाहिले. वेग गेला, मग धीर गेला, मग वेळ गेला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून रडली. यात हसण्यासारखे काही नाही, पण झाले ते सांगितले पाहिजे.

हरेश्वरने या अपयशाची चौकशी दोन बोटींच्या मधल्या वेळात पूर्ण केली. परीक्षाकेंद्रातली खुर्ची वरखाली होणारी नव्हती, हे कारण निघाले. सरकारला काटकोनाचे महत्त्व कळत नाही, असे तो तिकीट देता देता प्रवाशांना सांगू लागला.

यथावकाश डॉक्टरांनी सांगितलेले शेवटचे करावे लागले. किशोरीच्या मनगटाचे ऑपरेशन झाले, हाताला पांढरे बँडेज बसले, आणि त्या हाताने पाणी नाही, पीठ नाही, मासळी नाही असा हुकूम झाला. घरापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. मनुबाईच्या मुठींचा शोध याच सुमारास लागला. भावाला होडी होती. होडी तर रोज येतच होती. शेवटी हरेश्वर स्वतः वलांडीखाली गेला.

पहिली दोरी त्याने मार्गदर्शन केल्यासारखी घातली. दुसऱ्या दोरीला मार्गदर्शन संपले. तिसरी अर्धी झाली तेव्हा तो उजवे मनगट डाव्या हातात धरून घरात आला, भिंतीपाशी गेला, आणि खिळ्यावरचा निळा पट्टा काढून दातांनी ओढून घट्ट बांधू लागला. किशोरी त्या शास्त्रशुद्ध खुर्चीत बसली होती, कारण ती आता रिकामी असे.

“त्याला वास लागंल,” ती म्हणाली.

“लागू दे,” हरेश्वर म्हणाला. “पट्टा काय, दुसरा येईल. हात म्हत्त्वाचा.”

दुसऱ्या दिवशी बोंबील घालायला वाड्यातल्या दोन बायका रोजाने सांगितल्या. बायका सांगता येतात, हे त्या घराला त्या दिवशी प्रथमच सुचले. हरेश्वर जेट्टीवर परत गेला. त्याचे मनगट आता पूर्ण बरे आहे. किशोरीचा अंगठा अजून अधूनमधून झोपतो.

हे वाचून तुम्हाला हरेश्वरची चीड आली असेल. ती येणे योग्यच आहे, आणि वाचताना तुमची पाठही ताठ असेल अशी आशा आहे. आता शेजारी ठेवलेल्या चहाच्या कपाकडे बघा. तो तिथे चालत आलेला नाही. ज्या हाताने तो आणून ठेवला त्या हाताच्या मालकिणीला हाक मारा आणि ही कथा मोठ्याने वाचून दाखवा, तिचे डोळे उघडतील. उभ्याउभ्याच ऐकेल ती, तिला आत काम असेल. आणि जाताना कप उचलू लागली, की कोपर काटकोनात ठेव, एवढे सांगायला विसरू नका.