डाव्या चाकाचे आटे

मागचं चाक पुढे आणि पुढचं मागे लावायचं, एवढंच ठरलं होतं. त्यात न जमण्यासारखं काय आहे?

जावईबापूंनी हे शनिवारी सकाळी चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर ठरवलं. (पहिल्या कपापर्यंत ते शहाणे असतात, असं त्यांच्या बायकोचं मत आहे.) विमा कंपनीत कारकुनी करणाऱ्या या माणसाला ऑफिसात सगळे ‘इंजिनियर’ म्हणत, कारण एकदा त्यांनी साहेबांच्या फिरत्या खुर्चीचं चाक बसवून दिलं होतं. साहेब बसल्याबरोबर ते चाक निघालं, हा भाग निराळा. बिरुद मात्र निघालं नाही.

गाडी खरं तर सासूबाईंची. फिकट पिवळी, वयाने जावईबापूंच्या बायकोपेक्षा थोडी मोठी आणि स्वभावाने बरीच शांत. सासूबाई प्रसूतिगृहात नर्स होत्या, पुढे मेट्रन झाल्या, आणि सगळी नोकरी त्यांनी याच गाडीतून केली. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा त्यांनी किल्ली जावयाच्या हातावर ठेवली आणि एकच शब्द बोलल्या, “जपा.” मुलगी दिली तेव्हा त्या एवढंही बोलल्या नव्हत्या.

रविवारी जुन्या नर्सचा मेळावा होता, शेजारच्या शहरात. तिथे सासूबाईंचा सत्कार होणार होता, आणि ज्या गाडीतून ड्युटीला गेले त्याच गाडीतून सत्काराला जाणार, असं त्यांनी फोनवर ठणकावून सांगितलं होतं. तेव्हा गाडी नीट हवी, टायर सारखे झिजलेले हवेत, आणि हे सगळं आपल्या हातून झालेलं हवं, असं जावईबापूंना वाटलं. गॅरेजवाला सोमवारी या म्हणाला होता. व्हिडिओतल्या माणसाने तर एका हाताने, हसत हसत नट सोडवला होता.

जावईबापू मागच्या डाव्या चाकापासून लागले. पाना लावला, डावीकडे जोर दिला. नट ढिम्म. दोन्ही हातांनी जोर दिला. नट ढिम्म, कंबर मात्र हलली. मग ते पान्याच्या दांड्यावर उभे राहिले. मग त्यांनी दांड्यावर एक लहानशी उडी मारली. (त्यांचं वजन ‘लहानशी’ या शब्दात बसणारं नाही.)

कट्ट!

पाना, नट आणि जावईबापू तिघेही एकदम जमिनीवर आले. नटाच्या पोटात स्टडचं तुटलेलं टोक होतं. स्टड म्हणजे चाकामागच्या हबमधून बाहेर डोकावणारा तो जाड खिळ्यासारखा बोल्ट. चाक त्यावर अडकवायचं आणि वरून नट आवळायचा. एका चाकाला असे पाच. आता चार.

‘गंजलेला असणार,’ असं मनाशी म्हणत ते दुसऱ्या नटाकडे वळले आणि या खेपेला उडी जरा नेमाने मारली.

कट्ट!

“अहो, झालं काय?” बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“स्टड जुने झालेत गं. नुसता हात लावला की तुटतात.”

“हात? मी खिडकीतून बघत होते. तुम्ही उड्या मारत होतात. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम एकदाचा सुरू केलात.”

“तीन आहेत अजून. तीन पायांचं स्टूल उभं राहतं की नाही?”

“स्टूलवर बसून आपण हायवेने जात नाही.”

“बरं, हळू बोल. उद्या हळूहळू जाऊ. वरून चाकाची झाकणाची चकती बसवली की आईंना काही दिसणार नाही.”

“काय दिसणार नाही?” फाटकातून आवाज आला.

सासूबाई संध्याकाळी यायच्या होत्या. पण ज्या बाईने जन्मभर ठरल्या वेळेआधी येणाऱ्यांची वाट पाहिली, तिने स्वतः वेळेवर कशाला यावं? ज्या डोळ्यांना डॉक्टरांनी नापास केलं होतं, त्याच डोळ्यांनी त्यांनी फाटकातूनच चाक पाहिलं. बॅग मुलीच्या हातात दिली. चाकापाशी खाली बसल्या. तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. ‘जपा’ हा शब्द जावईबापूंच्या कानात घुमू लागला.

“कुठल्या बाजूला फिरवलंत?” सासूबाईंनी विचारलं.

“डावीकडे. सोडवायचं तर डावीकडेच फिरवतात ना, आई?”

“बाकीच्या गाड्यांना. या गाडीच्या डाव्या अंगाच्या चाकांना उलटे आटे आहेत. इथे डावीकडे फिरवलं की नट घट्ट होतो.”

“म्हणजे मी इतका वेळ…”

“घट्ट नट आणखी घट्ट करत होतात. त्यावर उभं राहून. तो बिचारा किती सोसणार?”

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. हसू दाबताना तिच्या हातून नेहमी काहीतरी पडतं.

जावईबापू म्हणाले, “मी टॅक्सी सांगतो. माझी चूक आहे, आई. गॅरेज सोमवारी…”

“गॅरेज कोण मागतंय? तुमचा एखादा जुना शर्ट द्या. आणि तुटका तुकडा खिशात टाका. आधी दुकानात.”

स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं नाव ऐकताच दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. “ती गाडी अजून चालते?”

“सकाळपर्यंत चालत होती,” सासूबाई म्हणाल्या.

“कुठल्या बाजूचे हवेत?”

“डाव्या,” जावईबापू घाईने म्हणाले. आता आपल्याला हे ठाऊक आहे, हे कुणालातरी सांगायचंच होतं. पण लगेच त्यांना शंका आली. “म्हणजे गाडीत बसल्यावर डावी. गाडीसमोर उभं राहिलं तर ती उजवी होते. तुम्ही कुठे उभे आहात, त्यावर आहे.”

“मी काउंटरमागे उभा आहे,” दुकानदार म्हणाला.

सासूबाईंनी जावयाच्या दंडाला धरून त्यांना हळूच बाजूला केलं, जसं प्रसूतिगृहात घाबरलेल्या नवऱ्यांना करत असतील तसं. तुटका तुकडा काउंटरवर ठेवला. जाडी सांगितली, मागच्या खाचा दाखवल्या, आणि याच मापाचे उलट्या आट्यांचे स्टड एका जुन्या टेम्पोलाही लागायचे, हे ओघात सांगून टाकलं. दुकानदार माळ्यावर चढला आणि धुळीचं एक खोकं घेऊन उतरला. सासूबाईंनी प्रत्येक स्टडवर नट फिरवून पाहिला. जो अडखळला तो परत. दोन नवे नट घेतले. स्टडही दोनच लागत होते, त्यांनी तीन घेतले.

“तिसरा कशाला?” जावईबापूंनी विचारलं. “आणखी एक मोडेल म्हणून?”

“उरलेल्यांतला एक झिजला असेल म्हणून. तुमच्यावर विश्वास आहे माझा.” हे त्या हसून म्हणाल्या की कसं, ते जावईबापूंना ठरवता आलं नाही.

घरी येऊन सासूबाईंनी जावयाचा जुना शर्ट चढवून बाह्या वर केल्या आणि अंगणाचं रूपच पालटलं. पुढच्या चाकांना विटांची अडण लागली. उरलेले तीन नट जरासे सैल केले गेले, उजवीकडे फिरवून, आणि त्यांनी निमूटपणे ऐकलं. (यांच्याच भावंडांनी सकाळी जावईबापूंना ओळखही दाखवली नव्हती.) गाडी जॅकवर चढली; जॅकचा भरवसा नको म्हणून खाली लाकडी ठोकळे गेले. चाक निघालं. आता त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढायचा होता. जावईबापूंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. पाय टेकवून ओढला. बायकोने येऊन त्यांना कमरेला धरून ओढलं.

“आधी हँडब्रेक सोडा,” सासूबाई म्हणाल्या.

ड्रम लोण्यासारखा बाहेर आला.

“आता हातोडा. तुटक्या स्टडच्या तोंडावर सरळ मारा, मागे निघून जाईल. तिरका मारू नका. श्वास घ्या. हं, मारा! आणखी! थोडंच राहिलंय, आलाय, आलाय… आला!”

तुटका स्टड मागच्या बाजूने टपकन खाली पडला आणि जावईबापूंना भलतंच हलकं वाटलं. घाम पुसत त्यांनी विचारलं, “आई, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?”

“रस्त्यात.” नवा स्टड मागून भोकात सारता सारता त्या सांगू लागल्या. “एकदा एक बाई मागच्या सीटवर होती, दिवस भरलेली. गाडी डगमगायला लागली म्हणून उतरून पाहिलं, तर याच चाकाचे नट सैल. कुणीतरी हलगर्जीपणे आवळले होते. दोन स्टड गेलेले. आत तिची कळ, बाहेर माझी. उरलेले नट आवळले, माणूस चालतो तितक्या वेगाने गाडी नेली, आणि सारखी उतरून पाहत राहिले. दारात पोहोचलो आणि मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून बसले. म्हटलं, शिकव. त्यानंतर या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.”

जावईबापू हातोडा धरून ऐकत राहिले. ऑफिसात त्यांनी कितीतरी अपघातांच्या फायली हाताळल्या होत्या. न झालेल्या अपघाताची गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते. तो अपघात टाळणारी बाई त्यांच्याच शर्टात, हाताला काळं लावून, पुढ्यात बसली होती. इतकी वर्षं त्यांना सासूबाईंची भीती वाटायची. भीती आताही होती, पण तिच्यात अभिमान मिसळला होता.

सासूबाईंनी नव्या स्टडवर वॉशरची चळत चढवली, वरून नट बसवला आणि पाना जावयाच्या हातात दिला. “आवळा. नट आवळत गेला की स्टड आपोआप ओढला जातो आणि खाचांत रुतून बसतो. बाजू कुठली?”

“डावी!” जावईबापू गरजले. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि बंद झाली.

झिजलेला स्टडही निघालाच. त्याच्यावर नट डुगडुगत होता. तिसरा तिथे बसला. जुन्या स्टडचे आटे तारेच्या ब्रशने घासून लख्ख केले. जावईबापू मोठ्या उत्साहाने तेलाची बाटली घेऊन आले, तर सासूबाईंनी ती तशीच परत पाठवली.

“तेल लावलं की नट गोड गोड फिरतो आणि माणूस नको तितका आवळतो. कोरडे ठेवा, स्वच्छ ठेवा. आवळताना शेजारशेजारचे नाही, एक सोडून एक. आणि पान्यावर हात ठेवायचा असतो, पाय नाही. थोडं अंतर गेलं की थांबून पुन्हा तपासायचे.”

शेवटचा नट त्यांनी जावयाला आवळू दिला, मग स्वतः पाना लावून पाहिला. नट हलला नाही. त्यांनी मान डोलावली. जावईबापूंना साहेबांच्या हस्ते बढती मिळाली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.

रविवारी गाडी मेळाव्याच्या हॉलसमोर दिमाखात उभी राहिली. सासूबाई आणि बायको आत गेल्या. “मी नट तपासून आलोच,” असं म्हणून जावईबापू चांगल्या कपड्यांनिशी उकिडवे बसले. एकही नट सैल नव्हता. ते उठणार, तेवढ्यात मागून एक पांढऱ्या केसांच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, “किती छान काम करतोस रे! माझ्याही गाडीची बघतोस का?”

नाही म्हणायचं कारण काय? त्यांनी त्या गाडीचीही चारही चाकं पाहिली. आटे कसे घासावेत, तेल का लावू नये, हे सगळं काल जन्मलेल्या अधिकाराने सांगितलं. ऐकायला आणखी तिघी-चौघी जमल्या, त्यांच्याही गाड्या होत्या. प्रत्येक चाकाला हात लावण्यापूर्वी जावईबापू ‘बाजू कुठली?’ असं स्वतःलाच मोठ्याने विचारत होते. पार्किंगमधली शेवटची गाडी संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आतून मघाशी बऱ्याच टाळ्या ऐकू आल्या होत्या.

बायको धावतच बाहेर आली. “अहो, होतात कुठे? आईने भाषणात तुमचं नाव घेतलं! म्हणाली, या गाडीच्या चाकांना मी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता, काल जावयाचा लागू दिला. आता मला काळजी नाही. तुम्हाला उभं राहायला सांगितलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता.”

जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग? मी नव्हतो, तर काय केलंत?”

“तुमच्या खुर्चीवर एक आजोबा येऊन बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं. सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून ते उभे राहिले. हार त्यांनाच घातला.”

“अगं, पण आईंनी सांगायचं ना, की हे नव्हेत म्हणून!”

“तिला तेवढ्या लांबचं दिसतंय कुठे? खाली उतरल्यावर मला म्हणाली, एका दिवसात जावईबापू किती पोक्त दिसायला लागले.”

निदान फोटोत तरी यावं म्हणून जावईबापू काळ्या हातांनी घाईघाईने हॉलच्या दाराशी गेले. तिथल्या स्वयंसेवकाने त्यांना अदबीने अडवलं.

“दादा, मेकॅनिक लोकांचं जेवण मागच्या बाजूला आहे.”