तात्यांची शुद्ध शिशी

आमच्या शेजारच्या तात्यांशी बोलायचं तर आधी पाय धुवावे लागत. ओसरीच्या पायरीशी भरलेला तांब्या सदैव तयार. येणारा कितीही घाईत असो, तात्या हात वर करून त्याला अडवत आणि म्हणत, "आधी पाणी, मग वाणी!" त्यांची गाय दावं तोडून पळाली हे सांगायला मी एकदा धावत गेलो होतो. माझी पावलं तात्यांच्या पसंतीस उतरेपर्यंत गाय बाजारपेठ हिंडून, कुणाच्या तरी भाजीवर ताव मारून, आपल्या पायांनी परत आली. तिचेही पाय धुतले गेले.

ठाण्याहून आगगाडीने आले की तात्या घरात न शिरता थेट विहिरीवर जात. "डब्यात कोण बसलं होतं ते एक वेळ दिसतं. इंजिनात कोळसा कुणी घातला, कोण सांगणार?" यावर मी पोहरा विहिरीत सोडत असे. आमच्या कल्याणात कुणीही असता तरी हेच केलं असतं.

अशा माणसाच्या घरी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, अंगावर सूज चढली. आधी डोळ्यांखाली, मग पावलांवर. वैद्यांच्या पुड्या झाल्या, काढे झाले, सूज हलेना. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर कल्याणात कुणाकडे आले होते, त्यांना तात्यांनी बोलावून आणलं. (त्यांचेही पाय धुवून घेतले.) डॉक्टर ठाण्याचेच ख्रिस्ती, बोलायला मोकळे. काकूंना पाहून ते म्हणाले, "मूत्रपिंडांचा संशय येतो. यांची सकाळची पहिली लघवी या शिशीत घालून ठाण्याला आणा. तापवली की कळेल."

सोबतीला मी निघालो, कारण मला इंग्रजी येतं अशी आळीत समजूत होती. येस आणि नो हे दोन्ही शब्द मला पक्के येत. कोणता कुठे म्हणायचा, एवढंच चुके.

गाडीत तात्या रेशमी फडक्यात गुंडाळलेली शिशी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. समोरच्या म्हातारीने भक्तिभावाने हात जोडले. "काशीची गंगा का हो?"

तात्या खोटं बोलत नसत. ते कसनुसे होऊन म्हणाले, "नमस्कार नका करू, बाई. अजून निकाल लागायचाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडी लघवी घेऊन ती दिव्यावर धरली. "रक्तातलं सत्त्व मूत्रपिंडांतून गळत असेल तर तापवल्यावर पांढरं होईल. अंड्यातला पांढरा बलक शिजतो, तसं."

"आम्हाला अंड म्हणजे ब्रह्मांडच ठाऊक," तात्या म्हणाले.

"बरं, दूध नासल्यासारखं म्हणा. वर तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे, थेंब टाकायचे. पांढरं विरघळलं तर काळजी नाही. राहिलं, तर आहे."

नळीत तेजाब पडलं मात्र, फस्सकन फेस उसळला. डॉक्टरांनी नळीकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "यात आणखी काय घातलंत?"

"छे! नुसती शिशी शुद्ध केली."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? गोमूत्राने! दवाखान्याची शिशी, हजार जणांनी हाताळलेली. तळाशी पळीभर राहू दिलं, शुद्धी टिकावी म्हणून."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. "तात्यासाहेब, तुमच्या गाईला मी तपासायला बोलावलं नव्हतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "शिशी नुसत्या कढत पाण्याने धुवा आणि उपडी घालून वाळवा. शुद्धी नको. मला फक्त त्यांचीच लघवी हवी."

परतताना गाडीत तात्या म्हणाले, "माझ्यापायी तिचा निकाल लांबला रे."

दुसऱ्या दिवशी मी बोलवायला गेलो तेव्हा आत काकू अडून बसल्या होत्या. "अहो, काल निदान गोमूत्र तरी होतं. आज हे असंच हातात धरणार? गडी नेईल की!"

"गड्याच्या हातून पडली तर?" एवढंच बोलून तात्या निघाले. आज फडकंही नव्हतं. न गुंडाळलेली शिशी मांडीवर, आणि तिच्या बुचावर अंगठा.

या वेळी फेस आला नाही. ज्योतीवर धरलेला भाग हळूहळू पांढरा झाला. तेजाब पडलं. तात्या वाकून पाहत राहिले. विरघळेल, आता विरघळेल, म्हणून मीही पाहत होतो. पांढरं तसंच राहिलं.

"दूध भरपूर, मीठ बंद आणि पूर्ण विश्रांती," डॉक्टर म्हणाले. "बघू. मी काही वचन देत नाही."

कल्याणला उतरून आम्ही आळीत शिरलो. विहीर आली. मी सवयीने थांबलो, तात्या थांबले नाहीत. पायरीवरचा तांब्याही ओलांडून ते तसेच काकूंच्या खाटेवर जाऊन बसले.

"अगंबाई, शिवलात! गाडीतून आलात ना?" काकू गडबडून उठू लागल्या. "सूनबाई, यांचं आंघोळीचं पाणी ठेव गं!"

"पडून राहा," तात्या म्हणाले. काकूंचं पाऊल मांडीवर घेऊन त्यांनी घोट्यावर अंगठा दाबला. सुजेत खळगा पडला. तो भरून यायची वाट पाहत ते बोलू लागले. "म्हातारी विचारत होती, काशीची गंगा का... आता दूधच प्यायचं, बरं का. मीठ बंद. मीही सोडलंय... अगं, ते डॉक्टर विचारतात, अंडं कसं शिजतं माहीत आहे का..."

काकू हसल्या. चुलाणावरचं पाणी उकळून उकळून अर्ध्यावर आलं. सूनबाई दारापर्यंत सांगायला आली आणि न सांगताच परत गेली.