एकाच पंपात सगळी औषधं

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. पहाटे बोडीच्या पाण्यावर धुकं. आठनंतर कडक ऊन, वारा नाही. धान निसवलेला, लोंब्या बाहेर आलेल्या.

हवामान आधी नोंदवतो, कारण त्या दिवशी जे झालं त्यात उन्हाचाही वाटा होता, आणि सगळा दोष एकट्या माझ्यावर येऊ नये अशी माझी इच्छा आहे. (येतो तो येतोच. पण नोंद असलेली बरी.)

मी मधुकर. आसगावला आमची धानाची शेती आहे. शाळा दहावीपर्यंत झाली. बाकीचं सगळं मी कृषी मेळावे, औषधांच्या डब्यांवरची बारीक अक्षरं आणि स्वतःचं डोकं यांतून शिकलो. यातलं तिसरं साधन फार भरवशाचं नाही, असं माझी बायको उषा म्हणते.

उषा सत्तेचाळीसची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गालांवर वांग उमटले. धानाच्या रोवणीत बाई दिवसभर वाकलेली असते. ऊन आभाळातून पाठीवर पडतं आणि बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यातून उलटं तोंडावर येतं. त्यात वय. गाल काळवंडले, तशी फोटो काढायची वेळ आली की उषा पदर गालावर धरू लागली. माझ्या पुतण्याच्या लग्नाचा अल्बम पाहिला तर वाटतं, ही बाई चार दिवस दाढदुखीने हैराण होती.

आमची मुलगी डिंपल नागपूरला एका औषधाच्या दुकानात काम करते. होळीला ती आली, तिने आईला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं, आणि येताना बाटल्या आल्या. तेव्हापासून मी जे पाहतो आहे ते मला कोणत्याही मेळाव्यात पाहायला मिळालेलं नाही.

सकाळी उषा तोंड धुते. (मीही धुतो. पण मी तोंडावर पाणी मारतो आणि ती तोंड धुते. हे दोन वेगळे प्रकार आहेत हे मला पन्नाशीनंतर कळलं.) मग सीरमचे थेंब. मग ती थांबते. नुसती थांबते! चहा उतू जात असतो, म्हैस ओरडत असते, मी ओरडत असतो, आणि ही गालाला बोटही न लावता ते जिरण्याची वाट पाहत उभी. मग क्रीम. पुन्हा थांबणं. मग सनस्क्रीन. रात्री वेगळं खातं: एका रात्री एक बाटली, दुसऱ्या रात्री दुसरी ट्यूब, दोन्ही एका रात्री कधीच नाही. आणि हे पोळ्यालाही, पाहुणे आले तरी, अंगात ताप असला तरी.

रोवणीत तर तिने कमाल केली. दुपारी बांधावर यायची, हातांचा चिखल धुवायची आणि पुन्हा सनस्क्रीन लावायची. पांढऱ्या तोंडाने परत बांधीत उतरली की बायका सुरू.

"काय उषाबाई, दंडारीत नाचाले चालल्या का?"

"हो. तू ढोलकी वाजवाले ये."

एवढंच बोलून ती पुढची ओळ धरायची. सप्टेंबर संपता संपता तिच्या गालांवरचा रंग कोऱ्या चहाचा दुधाच्या चहावर आला. मी धानात इतकी वर्षं काढली, पण एवढा नेम कोणत्याही पिकाला दिला नाही.

आता फोटोचं सांगतो. गावातल्या बायकांचा बचत गट यंदा चिन्नोर तांदूळ पाकिटात भरून विकणार होता. पाकिटावर गटातल्या एका बाईचा फोटो टाकायचं ठरलं. गटातल्या आनंदाबाईंचं म्हणणं, त्यांची सून खुशबू गोरी आहे, तिचा टाका. गटाच्या अध्यक्ष मंदाबाई म्हणाल्या, "जिनं कधी बांधीत पाय टाकला नाही, तिचं तोंड तांदळावर कायले? उषाचा टाका." उषाचं ठरलं. गुरुवारी पवनीहून फोटोवाला येणार होता.

त्या संध्याकाळी उषा आरशासमोर बराच वेळ उभी होती. पदर खांद्यावर होता, गालावर नव्हता.

रविवारी सकाळी ती गटाच्या कामाला गेली. मी दाढी करायला आरशापाशी गेलो आणि फळीवर तिच्या बाटल्या दिसल्या. माझ्या मनात दया उत्पन्न झाली. (माझ्या मनात दया उत्पन्न झाली की घरातली माणसं सावध होतात, पण घरात कोणी नव्हतं.) मला वाटलं, या बाईचा किती वेळ वाया जातो! एक लावा, थांबा. दुसरं लावा, थांबा. आम्ही तुडतुड्याचं औषध, करप्याचं औषध आणि टॉनिक वेगवेगळं मारत बसलो असतो तर धान कापायला दिवाळी उलटून होळी आली असती. आम्ही काय करतो? फवारणीच्या एकाच पंपात सगळं घालतो आणि एका फेरीत मोकळे होतो.

मी मधाची रिकामी बरणी स्वच्छ धुऊन पुसून घेतली. मिश्रणाचा क्रम मला पाठ आहे: आधी पावडर, मग पातळ, शेवटी तेलकट. पावडर म्हणून फळीवरची मुलतानी माती घेतली. मग सीरम. मग रात्रीची बाटली, मग रात्रीची ट्यूब, मग क्रीम, मग सनस्क्रीन; सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या. फवारणीत औषध पानाला धरून राहावं म्हणून आम्ही साबणासारखं स्टिकर घालतो. ते नव्हतं, म्हणून फेसवॉश घातला. लाकडी चमच्याने एकाच दिशेने ढवळलं. मिश्रण फाटलेल्या दुधासारखं दिसलं, पण करप्याचं औषधही सुरुवातीला तसंच दिसतं.

मी बेजबाबदार माणूस नाही. नवीन औषध सगळ्या शेतात मारत नाही. आधी अर्ध्या बांधीत मारून पाहतो. म्हणून डाव्या गालाला मिश्रण लावलं आणि उजवा गाल तुलनेसाठी कोरा ठेवला. आणि धानावर पोपट उतरत होते म्हणून ते हाकलायला शेतावर जाऊन बसलो. उन्हात.

दुपारपर्यंत डाव्या गालाने मला पोपटांचा विसर पाडला. घरी पळत आलो तर उषा ओट्यापाशी उभी. हातात बरणी.

"हे काय होय जी?"

"मिक्चर."

"कायचं?"

"तुह्याच बाटल्यांचं. पुऱ्या."

"काहून?"

"टाईम वाचते."

तिने बरणीकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे, मग पुन्हा बरणीकडे. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने आधी मला नळाखाली बसवलं आणि मग डिंपलला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा," डिंपल म्हणाली, "रात्रीच्या दोन्ही गोष्टी एकत्र? अन् वरून उन्हात?"

"पंपात तं एकत्रच घालतो ना आपण."

"बाबा, आईचं तोंड बांधी नोहे!"

तेवढ्यात उषाने फोन स्वतःकडे वळवला. "डिंपल, माह्या फोटोचं काय होईन? वांग परत येतीन का व?"

तो आवाज मी आमच्या लग्नानंतर फार थोड्या वेळा ऐकला आहे. मी नळाखालीच बसून राहिलो.

"चार दिवसांत नाही येत, आई. रात्रीचं सोडून दे सध्या. सनस्क्रीन अन् साधी क्रीम उद्याच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ देईन. तवरी उन्हात निघू नको. बाबालेही तीच क्रीम लाव. अन् त्याहिले काही ढवळू देऊ नको."

सोमवारी मी पवनीच्या बसस्टँडवर ते पाकीट घ्यायला गेलो. डावा गाल टमाट्यासारखा लाल, त्यावर सालं सुटलेली. उजवा होता तसा. (तुलनेसाठी उत्तम.) तिथे आमच्या गावचा सोमाजी भेटला.

"भाऊ, हे काय झालं?"

"क्रीम लागली."

"एकाच गालाले?"

"हो. उषाची."

सोमाजीने माझ्या डाव्या गालाकडे पाहिलं, मग स्वतःचा उजवा हात हवेत फिरवून अंदाज घेतला. "वहिनी उजव्या हातानं काम करते ना?"

"तसं नाही रे! क्रीमच होय."

"समजलो, भाऊ." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्याही घरी आमी क्रीमच म्हणतो."

मी एसटीने गावात पोचलो, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. मंगळवारी पारावर जायची सोय राहिली नाही. संध्याकाळी उषा गटाच्या कामावरून लवकर आली आणि तांदूळ निवडत बसली. तोंडाला नवीन सनस्क्रीन लावलेलं होतं, पण पदर पुन्हा गालावर आला होता.

"काय झालं?"

"आनंदाबाई म्हणते, नवऱ्याले मारते त्या बाईचा फोटो कोण घेईन? उद्या मंदाबाईच्या घरी बैठक आहे."

"मंग तू सांगितलं काहून नाही खरं काय ते?"

"सांगितलं असतं तं बायका तुमच्यावर हसत बसल्या असत्या. वर्षभर पुरलं असतं त्याहिले."

"अन् तुहा फोटो?"

"खुशबूचा टाकतीन. गोरी आहे पोरगी." तिने एक खडा बाजूला टाकला. "तुम्ही क्रीम लावली का गालाले?"

होळीपासून ज्या बाईने तापातही एक रात्र चुकवली नाही, ती बाई तेवढ्यासाठी पाकीट सोडून द्यायला निघाली होती की गाव मला हसू नये. (गाव मला तसंही हसतं. पण हे तिला सांगायची ती वेळ नव्हती.)

बुधवारी मी मंदाबाईच्या अंगणात गेलो. गटाच्या सगळ्या बायका बसलेल्या. उषा मागच्या रांगेत. मला पाहून तिने डोळ्यांनीच 'घरी जा' म्हटलं. मी उभा राहिलो आणि घसा साफ केला.

"उषानं मले मारलं नाही. मी तिच्या तोंडाच्या पुऱ्या बाटल्या एका बरणीत मिसळवल्या अन् अर्ध्या तोंडाले लावून पाहिल्या."

बायकांनी आधी माझा डावा गाल पाहिला, मग उजवा.

"कायले मिसळवल्या, भाऊजी?" मंदाबाईंनी विचारलं.

"पंपात मिसळवतो तशा."

"अन् फेसवॉशही घातला का?"

"तोही. स्टिकर म्हणून."

आधी एक बाई हसली. मग ओळ धरून रोवणी पुढे सरकावी तसं हसू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलं. शेवटी उषापाशी पोचलं. तिने पदरात तोंड घातलं; खांदे हलत होते.

मंदाबाईंनी डोळे पुसले. "भाऊजी, तिनं मारलं असतं तं आमी समजून घेतलं असतं. हे समजून घेणं कठीण आहे."

"पण काही झालं तरी..." असं म्हणत आनंदाबाई उठल्या. मला वाटलं, आता खुशबूचं नाव येणार. आनंदाबाई सरळ उषाच्या पुढ्यात जाऊन बसल्या, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही गाल नीट पाहिले. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बाई व, हे तं खरंच उतरले. ते रात्रीचं कोणतं होय? मलेही आहेत ना गालावर."

त्यानंतर बैठकीत फोटोचा विषय निघालाच नाही. उषाभोवती घोळका झाला आणि ती शिकवू लागली: आधी कानामागे थोडं लावून पाहायचं, मग थांबायचं, घाई करायची नाही, डॉक्टरले विचारल्याबिगर रात्रीचं काही लावायचं नाही. "अन् नवऱ्याच्या हाताले लागू द्यायचं नाही," हे मंदाबाईंनी जोडलं. मी कुडाला टेकून ऐकत होतो. मेळाव्यात साहेब बोलतात तेव्हा निम्मे लोक जेवणाकडे पाहत असतात. इथे एका बाईचीही नजर हलली नाही.

गुरुवारी प्रविण फोटोवाला आला. धानाच्या बांधावर उषाला उभं केलं. ऊन फार होतं, म्हणून त्याने मला छत्री धरून तिच्या बाजूला उभं केलं. (माझ्या लाल गालाकडे पाहून त्याने काही विचारलं नाही. त्यालाही सोमाजी भेटला असावा.)

"काकू, पदर जरा गालावरून..."

उषाने पदर खांद्यावर टाकला, कंबरेला खोचला आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं. तिला पाहता पाहता माझी छत्री माझ्याच डोक्यावर आली. प्रविण म्हणाला, "काका, नीट धरा ना."

मग त्याने फोटो दाखवला. "एक नंबर आला, काकू. हे गालावरचे थोडे डाग आहेत ना, ते मी कॉम्प्युटरवर पुरे काढून टाकतो."

"नको," उषा म्हणाली. "उरले तेवढे राहू दे. पुरे काढशीन तं गावचे लोक म्हणतीन, ही बाई कोण होय?"

"तांदूळ तरी विकला जाईल, काकू."

"तांदूळ तांदळानं विकला जाईन. तू जसं आहे तसं ठेव. लागलंच तं दुसरं काही काढ."

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. सकाळी गारवा, आभाळ स्वच्छ.

पाकिटं छापून आली. समोर उषाचा फोटो आहे. तिच्या चेहऱ्यावरून प्रविणने काहीही काढलेलं नाही. फोटोतून एकच वस्तू काढली आहे, ती म्हणजे मी. डाव्या कडेला छत्री आणि मनगटापर्यंत माझा हात शिल्लक आहे.