चौदावा हिरवा

शामूने आजवर उघडून पाहिलेल्या वस्तू शहापुरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होत्या. परशरामच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ त्याने उघडलं, तेव्हापासून ते दुपारी तेरा टोले द्यायला लागलं. देवळाचं अडकलेलं कुलूप त्याने मोकळं करून दिलं, आणि मग ते गल्लीतल्या कुठल्याही किल्लीने उघडायला लागलं. एका पाहुण्याची सायकल तर पाहुणा जेवत असतानाच उघडली गेली होती. बिचारा हात धुऊन बाहेर आला तेव्हा अंगणात सायकल नव्हती, सायकलीचे भाग होते.

"आत काय आसतंय ते बघाय नको व्हय?" एवढंच त्याचं म्हणणं असे.

वडील तम्मण्णा हे शहापुरातले नावाजलेले विणकर. सूतही स्वतःच रंगवायचे. लुगड्याचा रंग बघून लोक म्हणत, "हे तम्मण्णांच्या घरचं." एकुलत्या एका पोराने मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसावं, धोटा हातात घ्यावा, एवढीच त्यांची इच्छा. पोराला मात्र आगगाडीच्या इंजिनाच्या पोटात काय असतं ते बघायचं होतं.

अशात एका भाद्रपदात खानापूरचा भावकू बातमी घेऊन आला. भावकू हा शामूचा शाळूसोबती, लोंढ्याच्या इंजिन शेडमध्ये कोळसा ओढायच्या कामावर होता. "शेडमदी तीन फिटर घेणार हायत," तो म्हणाला. "परीक्षा हाय. वय पंचविसाच्या आत पायजे."

शामूचं पंचविसावं दिवाळीत संपणार होतं. त्याने आप्पांचे पाय धरले. तम्मण्णांनी बराच वेळ पान चघळलं आणि निकाल दिला.

"एकदा जा. पास झालास तर इंजिन उघड न्हायतर गार्डाचा डबा उघड, म्या काय बोलत न्हाय. नापास झालास तर गुमान मागावर बसायचं. जन्मात पुन्हा कुणाचं घड्याळ उघडायचं न्हाय."

"कबूल, आप्पा."

शामू कानस घेऊन लोखंड घासायला बसला. लोखंडाच्या पत्र्यात चौकोनी भोक, त्यात कुठल्याही बाजूने घातला तरी उजेड दिसणार नाही असा चौकोनी तुकडा बसवायचा, ही फिटरची परीक्षा. घरभर लोखंडाचा कीस झाला. आई गुणाबाई भाकरीच्या पिठातून कीस वेचायची आणि काही बोलायची नाही. तम्मण्णा बोलायचे. दुसरं काही नाही, पण "लोखंडाचा बी काय रंग आसतोय का रं?" एवढं रोज एकदा.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना भावकू पुन्हा आला.

"एक सांगायचं ऱ्हायलंच. डोळ्याची बी परीक्षा आसती. लोकरीच्या लडी टेबलावर टाकत्यात आन् रंग वळखाय लावत्यात. उचगावचा एक लई हुशार गडी त्येच्यातच गेला."

आतल्या खोलीत धोट्याचा आवाज थांबला. तम्मण्णा बाहेर आले.

"काय म्हनलास? रंग?"

"व्हय, आण्णा. शिग्नल तांबडा का हिरवा ते कळाय नको?"

"रंग वळखायची परीक्षा," तम्मण्णा हळूच म्हणाले, "आन् ती माझ्या पोराची!"

त्या क्षणापासून शामूची कानस कोनाड्यात गेली. जो माणूस पोरगं नापास व्हावं म्हणून ग्रामदेवतेला नारळ बोलला होता, तोच आता त्याचा मास्तर झाला. तम्मण्णांच्या घरात हिरवे सतरा होते. तांबडे बावीस. शामूला त्यातले निम्मे माहीत होते. उरलेले निम्मे शिकवायला आप्पांना दहा दिवस मिळाले होते.

सकाळच्या उन्हात, मग सावलीत, मग ओल्या सुतावर, मग वाळल्यावर. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, केळीच्या कोंबाचा, कैरीच्या पाठीचा. शामू तेराव्यापर्यंत सुखाने जायचा. तेरावा दोडक्याच्या शिरेचा. चौदावा तुरीच्या कोवळ्या शेंगेचा. तिथे त्याची गाडी अडायची.

"आप्पा, ह्ये दोनी येकच हायत की."

"येकच? तुज्या आईला इचार!"

गुणाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "येगळं हायत. दोडका जरा रुसल्यागत दिसतोय."

आणि नवव्या दिवशी, दुपारी, शामूला तो रुसवा दिसला. लख्ख दिसला. त्याला एवढा आनंद झाला की तो शेजारच्या परड्यात जाऊन तुरीच्या शेंगांकडे बघत उभा राहिला. आजवर त्याने वस्तू उघडून आत बघितलं होतं. रंगालाही आत असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारणीला वाटलं, पोरगं शेंगा चोरायला आलंय.

लोंढ्याला लोखंडाच्या परीक्षेत शामू पहिला आला. त्याचा तुकडा भोकात चारी बाजूंनी बसला, उजेडाचा केसही दिसेना. फोरमनने स्वतः मान हलवली. मग डोळ्यांची पाळी.

रेल्वे कंपनीचे डॉक्टर मिनेझिस गोव्याकडचे, गोरटेले, घाईचे. टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग होता. त्यांनी त्यातली एक फिकट हिरवी लड उचलून शामूच्या हातात दिली.

"ह्याच्यासारख्या काढ."

शामूने लड बघितली. मग ढीग बघितला. मग लड घेऊन खिडकीपाशी गेला. मग तिचं टोक जिभेला लावलं.

"अरे, अरे! थुंकी काय लावतो?"

"वल्या सुतावर खरा रंग दिसतोय, सायेब."

पाच मिनिटं गेली. बाहेर रांगेतले उमेदवार दारातून डोकावायला लागले. शामूने एकेक लड उचलली, शेजारी धरली, बाजूला ठेवली. शेवटी हात जोडले.

"सायेब, ह्येच्यासारखी ह्यात येक बी न्हाय."

"एकही नाही? निदान वीस आहेत!"

"ही केळीच्या कोंबाची. ती कैरीच्या पाठीची. ती दोडक्याची. ह्येच्यासारखी कंची?"

"मला भाजी नको! हिरवा दाखव, हिरवा!"

"हिरवा म्हंजे कंचा, सायेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. नियमात लिहिलं होतं की ज्याला सारख्या लडी निवडता येत नाहीत त्याला रंग दिसत नाहीत. समोरच्याला निवडता आल्या नव्हत्या. त्यांनी कागदावर दोन शब्द लिहिले. फोरमनने मध्ये पडून रदबदली केली, असा हात पुन्हा मिळायचा नाही म्हणाला, तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी एक शेवटची संधी दिली.

घरी भावकूने कागद वाचला आणि कुणाच्याच तोंडाकडे न बघता अर्थ सांगितला. "रंगाचं आंधळं."

तम्मण्णा मटकन उंबऱ्यावर बसले. खरं तर ते जिंकल्यात जमा होते, पोरगं मागावर बसणार होतं. पण आता त्याला मागावर बसवायचं तरी कुठल्या तोंडाने? दोन दिवसांत बातमी पेठेत गेली. दहा वर्षं डोळे मिटून लुगडी नेणारा व्यापारी त्या आठवड्यात प्रत्येक लुगडं रस्त्यावर उन्हात नेऊन बघायला लागला. "तसं काय न्हाय, तम्मण्णा," तो म्हणाला, "पण आंधळेपण घराण्यात आसतंय म्हनत्यात."

त्या संध्याकाळी तम्मण्णा जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांनी शामूला समोर बसवलं.

"आता मन लावून ऐक. रंग दोन. येक तांबडा, येक हिरवा."

"आन् निळा, आप्पा?"

"आसला तर आसू दे. जास्त खोलात जाऊ नगंस."

त्यांनी डाळिंबी सूत वर धरलं. "ह्यो कंचा?"

"डा..."

"शामू!"

"तांबडा."

तम्मण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जास्वंदी उचललं. "ह्यो?"

"तांबडा."

"बरुबर," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

गुणाबाईंनी कायदाच केला. घरात जो बारीक रंगाचं नाव घेईल त्याला ताटात चटणी नाही. पहिल्या दिवशी तम्मण्णांनाच दोन्ही वेळा कोरडी भाकरी खावी लागली. पण माणसाला कसलीही सवय लागते. चौथ्या दिवशी ताराबाई नावाची जुनी गिऱ्हाईक लेकीच्या डोहाळजेवणासाठी लुगडं घ्यायला आली.

"मोरपंखी दावा, तम्मण्णा."

"मोरपंखी न्हाय. हिरवं हाय."

"आवो, पण ह्येच की मोरपंखी!"

"हिरवं," तम्मण्णा ठामपणे म्हणाले. ताराबाई गुणाबाईंना बाजूला घेऊन विचारून गेली, यांना पण तोच आजार झालाय का.

पंधराव्या दिवशी शामू पुन्हा डॉक्टर मिनेझिसांच्या टेबलापुढे उभा होता. डॉक्टरांनी हिरवी लड दिली. शामूने दात आवळले, मन घट्ट केलं आणि कैरी, दोडका, शेवाळ सगळे एका ढिगात लोटले. मिनिटभरात काम झालं. त्याला कुणाच्या तरी पंगतीत परकी माणसं कोंबल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांचा चेहरा उजळायच्या ऐवजी आंबट झाला. पंधरा दिवसांपूर्वी ज्याला एक लड सापडत नव्हती त्याला आता सगळ्या सापडल्या? "पाठ करून आला," ते पुटपुटले. त्यांनी कपाट उघडलं आणि सिग्नलच्या दिव्याची एक जाड काच टेबलावर ठेवली. "हे पाठ नसेल. ही काच कोणती? तांबडी की हिरवी?"

शामूने काच उचलून खिडकीकडे धरली. तांबडी नव्हती. पण हिरवीही नव्हती! चक्क निळी होती, चिंतामणी लुगड्याच्या काठासारखी. हिरवा म्हणावं तर डोळे नाही म्हणतात. निळा म्हणावं तर आप्पांनी खोलात जाऊ नको म्हणून बजावलंय. आणि चुकलं की जन्मभर मागाचा खड्डा, शिवाय आंधळ्याचं घर. हे सगळं त्याला कळत होतं. पण काच हातात होती, आणि ती अशी का हे त्याला कळत नव्हतं, आणि तो शामू होता.

"सायेब, ह्येच्या मागं काय आसतंय?"

"दिवा. दुसरं काय?"

"राकेलचा?"

"राकेलचा. रंग सांग!"

"मग ही निळी हाय," शामू म्हणाला. डॉक्टरांनी लेखणी उचलली. "पर गाडीला हिरवी दिसंल. दिव्याचा उजेड पिवळा. आमी सूत आदी निळीत बुडवतो, मग हळदीत घालतो, तवा हिरवं हुतंय. तुमच्या काचंवर बी हळद चडाय पायजे."

डॉक्टरांची लेखणी तशीच राहिली. बारा वर्षं ते ती काच उमेदवारांपुढे धरत होते. हिरव्या दिव्याची काच म्हणून हिरवी, या पलीकडे त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्यांनी शिपायाला कंदील पेटवून आणायला सांगितलं, खिडक्या लावल्या, आणि दोघेही टेबलाखाली वाकून कंदिलापुढे काच धरून बसले.

काच हिरवीगार झाली.

"देवा!" डॉक्टर टेबलाखालूनच म्हणाले. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "ते त्या दिवशी दोडक्याचं काय म्हणत होतास?"

शामूने मान खाली घातली. चटणीची आठवण ताजी होती. "तसं काय न्हाय, सायेब. हिरवाच त्यो."

शामू फिटर म्हणून लागला. घरी कागद आला तेव्हा सगळी गल्ली जमली होती, तो व्यापारीही होता. वाचायला अर्थात भावकू. शामू पास, पगार अमुक, हजर व्हायची तारीख अमुक. गुणाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तम्मण्णांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून विचारलं, "आन् डोळ्याचं काय लिवलंय?"

"रंगाची नजर," भावकूने बोट ठेवून वाचलं, "साधारण."

"काय?"

"साधारण. म्हंजे चारचौघांसारखी."

तम्मण्णांचा हात पाठीवरून निघाला. "साधारण? माझ्या घरात?"

"आप्पा, कंपनीच्या कागदात तसंच लिवत्यात. चांगलं आसतंय ते."

"आंधळं म्हनलं, ते म्या गिळलं. पर साधारण?" त्यांनी खुंटीवरचा पटका काढला. सतरा हिरव्यांच्या लडी एका फडक्यात बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते लोंढ्याला गेले. संध्याकाळच्या गाडीने परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी भावकू आला तसा गुणाबाईंनी त्याला दारातच धरलं.

"आरं, ह्ये कुठं हायत?"

"दवाखान्यात."

"आगं बाई! काय झालं त्येंला?"

"त्येंला काय व्हतंय? डॉक्टरसायबाला टेबलापुढं बसवलंय. सायेब लडी थुंकी लावून लावून बघतोय, खिडकीशी जातोय, पुन्हा येतोय. तेराव्यापतोर बरा आलता, चौदाव्याला अडला."

"मग?"

"मग काय, नापास केलं आण्णांनी. पंदरा दिसांनी पुन्हा या म्हनल्यात."