पेल्याला कान लावणारे नाना

आमच्या इमारतीच्या ऑफिसात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. तो बिघडला की खैरनार नाना घरून स्टीलचा पेला घेऊन खाली येतात. पेल्याचं तोंड रेकॉर्डरवर टेकवायचं, बुडाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचं. हे चालतं सुमारे एक मिनिट. मी घड्याळ लावून पाहिलंय. अकरा दुरुस्त्यांत एकदाही ते पन्नास सेकंदांच्या खाली आलं नाही. मग डोळे उघडून एकच वाक्य : "जीव शे. घाबरू नका."

नाना मूळचे सटाण्याचे. तिथे एकतीस वर्षं त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मुलाने नाशिकला आमच्या इमारतीत त्यांना फ्लॅट घेऊन दिला. तो स्वतः कॅनडात असतो. आमच्याशी नाना नाशिकचं बोलतात, अधूनमधून 'आहे'चं 'शे' होतं तेवढंच; यंत्राशी मात्र अहिराणीतच. "काय व्हयनं रे तुले?" असं ते रेकॉर्डरला विचारतात, आणि उत्तराला वेळ देतात.

बिघाड दरवेळी एकच. पडद्यावर डिस्क खराब असल्याची सूचना आणि जुन्या रेकॉर्डिंगची यादी कोरी. कंपनीचा माणूस फोनवर सांगायचा, "फॉर्मॅट मारा." हा शब्द ऐकला की नाना भडकतात.

"कांदाचाळीत चार कांदे सडले म्हणून कोणी चाळ पेटवतो का? ह्याला पगार कोण देतं?"

त्यांची पद्धत वेगळी. डिस्क काढायची, तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि जे काही करायचं ते नकलेवर. "मूळ डिस्क साक्षीदार शे भाऊ, तिला मारहाण करायची नाही," असं ते मला बजावतात. "चित्रं कुठे जात नाहीत. कुठलं चित्र कुठे ठेवलंय त्याची यादी फाटते. आपण यादी जोडायची." लॅपटॉपवर तुकडा तुकडा जुळवत ते बसतात. तीन दुपारी लागतात. तेवढ्या वेळात ऑफिसात खुर्च्या ओढल्या जातात, कोणाच्या तरी घरून चहा येतो, आणि सटाण्यातल्या कुठल्या टीव्हीतून पाल निघाली आणि कुठल्यातून मंगळसूत्र, ते आम्ही पुन्हा ऐकतो. शेवटी नाना वहीत नोंद करतात. 'कारण' या रकान्यात मी नेहमी दोनच शब्द पाहिले : 'तपास सुरू'.

बाराव्या वेळी प्रकरण गंभीर झालं. दुपारी पार्किंगमधून एक महागडी सायकल गेली आणि रेकॉर्डरवर नेमकी त्या दुपारची यादी कोरी. सेक्रेटरी शिंद्यांनी वॉचमन हिरामणला समोर उभं केलं. हिरामण पेठ तालुक्यातला, सहा वर्षं आमच्याकडे.

"कॅमेरे तूच बंद केलेस. उद्यापासून येऊ नकोस."

"मी नाय केला साहेब. मी पंप लावाया गेलतो."

"जरा थांबा," नाना म्हणाले. "आधी साक्षीदाराला विचारू."

या वेळी त्यांनी पेला आणला नव्हता. चहालाही नको म्हणाले. तीन दुपारींचं काम त्यांनी एकाच दुपारी संपवलं आणि सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. चार वाजून बारा मिनिटांनी चित्र तुटलं होतं. चार चौदाला पुन्हा सुरू. चार सतराला एक अनोळखी इसम सायकल घेऊन निघाला आणि जाताना फाटकाला कडी लावून गेला, जे आमच्या इमारतीत एकही रहिवासी करत नाही. त्याच मिनिटाला मागच्या कॅमेऱ्यात हिरामण टाकीच्या कॉकशी वाकलेला.

शिंदे हटले नाहीत. "चोर तो नाही, मान्य. पण चार बाराला चित्र तोडलं कोणी? ह्यानेच. दोघं मिळालेले असतील."

नाना काही क्षण वहीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हिरामण, पंप लाव."

पंप घरघरला. ऑफिसातला दिवा मंदावला. रेकॉर्डरचा हिरवा ठिपका विझला आणि पुन्हा लागला.

"बघा. पंप सुरू होताना वीज खाली बसते. रेकॉर्डरची पेटी यादी लिहीत असताना तिच्या हातातला पेन हिसकावल्यासारखं होतं. रोज पेटी बंद पडते, पण लिहिताना सापडली की यादी फाटते. पोराचा काही दोष नाही. बॅटरी लावा, पुन्हा कधी बिघडणार नाही."

हिरामण पंप बंद करून आला आणि पायरीवर बसला. शिंद्यांना मात्र कोणावर तरी ओरडायचंच होतं. "अहो नाना, बारा वेळा पेटी उघडलीत, आणि एवढी साधी गोष्ट आज कळली?"

एकतीस वर्षांत कुठल्याही टीव्हीपुढे हार न मानल्याचं सांगणारे नाना खाली बघून म्हणाले, "लक्षात नाही आलं साहेब. वय झालं."

लॅपटॉप आवरायला मी मदत केली. वही टेबलावरून खाली पडून उघडली, तशीच मी उचलली. पहिलं पान होतं. पहिल्याच दुरुस्तीची नोंद, 'कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात : 'पंपामुळे वीज बसते. बॅटरी लावणे.' मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बॅटरी लागली. त्याला आता चार महिने आणि नऊ दिवस झाले; बिघाड शून्य. ऑफिसातल्या खुर्च्या भिंतीला लागल्या आहेत. हिरामण गेटवर आहे आणि नाना गेटवरून भाजी आणायला जातात तेव्हा उठून उभा राहतो. बाकी नानांना कोणी हाक मारत नाही, कारण काम काही नाही.

मी सहसा खोटं बोलत नाही. आकड्यांच्या बाबतीत तर कधीच नाही. गेल्या रविवारी चार वाजता मी नानांची बेल वाजवली.

"नाना, पेटीचा आवाज जरा वेगळा वाटतोय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"किती दिवसांपासून?"

"मोजलं नाही," मी म्हणालो.

नाना आत वळले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला, आणि ते पेला घेऊन बाहेर आले.