शेठसाठी तपासलेली कोळंबी

बायको चार दिवसांसाठी बहिणीकडे निघाली. घराची किल्ली तिने नवऱ्याला सहज दिली, पण कुत्रा देताना तिचा पाय दारातून निघेना. कुत्र्याचं नाव शेठ. तीन वर्षांत शेठने या गृहस्थाच्या हातून एक घास घेतला नव्हता. (खाण्याचा खर्च हाच करत होता, पण ते शेठला कोण सांगणार?)

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाडगा तसाच भरलेला. कुत्रा रोडावला तर आपली धडगत नाही, हे नवऱ्याला कळत होतं. शिवाय त्याला मनापासून वाईटही वाटत होतं. आपल्याच घरात कुणीतरी आपल्यामुळे उपाशी राहतंय, ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

त्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी कोळंबी सुचवली. कवच, शेपूट, पाठीतला काळा दोरा काढून नीट उकडा, मीठ-मसाला नको, आधी एकच छोटा तुकडा द्या आणि कुठे खाज-सूज येते का बघा, एवढं सांगून ते मोकळे झाले.

आता हा नवरा बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस. बावीस वर्षं त्याचा एकच बाणा, प्रत्येक घाण्यातला नमुना स्वतः चाखल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही. बारा कोळंब्या एकाच पातेल्यात उकडल्या होत्या, तरी जीव बारा, म्हणजे घाणेही बारा, असा निकाल त्याने दिला आणि प्रत्येकीचा अर्धा भाग चाखला. (कोळंबी जन्मात पहिल्यांदाच तोंडात जात होती, पण कर्तव्य म्हटल्यावर काय करणार?)

मग त्याने एक तुकडा तळहातावर धरला. शेठने हुंगला, क्षणभर विचार केला आणि खाल्ला. नवऱ्याचे डोळे भरून आले.

ते भरलेच राहिले. पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कागद घेऊन शेठसमोर बसला आणि दर दहा मिनिटांनी नोंद करू लागला. तिसऱ्या नोंदीत त्याला शेठचा चेहरा सुजलेला वाटला, चौथ्या नोंदीला शेठ नीट दिसेनाच. त्याने कुत्रा उचलला आणि रिक्षाने थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी शेठकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुत्रा ठणठणीत आहे. तुम्ही काय खाल्लंत?"

"सहा. म्हणजे बारा अर्ध्या."

"समोरच माणसांचा दवाखाना आहे. धावा. कुत्रा इथे राहू द्या."

तिथे इंजेक्शन मिळालं आणि यापुढे कोळंबीला हातही लावायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. नवऱ्याला सुजेपेक्षा ते जास्त लागलं. तीन वर्षांनी एक घास जमला होता, तोही गेला.

आता बायकोच आठवड्यातून एकदा शेठला कोळंबी भरवते. नवरा तेवढा वेळ गॅलरीत, काचेचं दार लावून उभा असतो. खाऊन झालं की शेठ काचेपाशी येतो आणि त्याच्याकडे बघून जोरात शेपूट हलवतो.

बायको म्हणते, "बघा, किती जीव लावलाय त्याने तुम्हाला."

नवऱ्याला तसं वाटत नाही. त्याच्या मते, आता कोळंबी अख्खी मिळते याचा शेठला आनंद झालेला आहे.