येतो म्हणायचं ऑफिस

अमेरिकेतली माणसं एकमेकांना सोडून जाताना जो निरोप घेतात, तो घ्यायचं काम त्यांनी आमच्या करंजफाट्याला दिलं होतं, आणि ते आम्ही बंद पडलेल्या एसटी स्टँडात बसून करायचो.

यात हसण्यासारखं काही नाही. त्यांनी आधी हिशेबाचं काम इकडं पाठवलं, मग तक्रारी ऐकायचं, मग कॉम्प्युटरच्या आतलं काय असतं ते लिहायचं. ते सगळं पुण्या-बेंगलोरकडच्या शिकलेल्या पोरांनी घेतलं. शेवटी त्यांच्याकडं निरोप तेवढा उरला होता, आणि त्याला त्यांना वेळ नव्हता. पोरगं घर सोडून निघालं, नवराबायकोची फारकत झाली, माणूस कामावरनं काढला, म्हातारा मेला, की जाणाऱ्याच्या वतीनं आमच्यातलं कुणीतरी हेडफोन लावून बसायचं आणि मागं राहणाऱ्याशी बोलायचं. आम्ही मराठीत बोलायचं, पुढं मशीन त्यांच्या भाषेत फिरवायचं. कॉल झाला की जाणारा मोकळा. करारात कलमच होतं, की वतीनं दिलेला शब्द जाणाऱ्याला लागू राहील.

करंजफाटाच का, तर कंपनीची माणसं पाहणी करून गेली होती. निरोपाला सगळ्यात जास्त वेळ कुठं लागतो, ते त्यांना हवं होतं. तो इथं लागत होता.

मी त्या स्टँडात हमाल होतो. बायपास व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा एक माणूस सांगलीला निघाला तर पोचवायला सगळं घर यायचं. ट्रंक मी टपावर चढवायचो, आणि खाली खिडकीशी बोलणं सुरू व्हायचं. पोचल्यावर पत्र टाक. बाहेरचं पाणी पिऊ नको. मावशीला सांग, लोणचं अजून मुरलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली तरी बोलणं संपायचं नाही. गाडी हलायची, माणसं तिच्याबरोबर चालायची, मग पळायची, आणि शेवटचं वाक्य धुरळ्यात जायचं. ते काय होतं हे विचारायला मग पत्र यायचं. आता मोबाईलवर पिवळा अंगठा दाखवतात. त्याला निरोप म्हणायचं असेल तर म्हशीनं शेपूट हलवली तर तिलाही म्हणा.

बायपास झाला आणि गाड्या वरच्यावर निघून जायला लागल्या. स्टँडात शेरडं बसायला लागली. मग कंपनी आली, शेरडं हाकलली, रंग मारला, फलाटाच्या पाट्या मात्र तशाच ठेवल्या. मी विट्याच्या फलाटावर बसायचो. शेजारी, आटपाडीच्या फलाटावर, रजियाभाभी. ती आधी स्टँडात बांगड्या विकायची. तिचा नवरा हुसेन ड्रायव्हर म्हणून मस्कतला गेला तो अजून आलेला नव्हता. आमच्यावर टीम लीडर म्हणून तन्वी रेठरेकर नावाची पुण्याची पोरगी होती. स्कूटीवरनं यायची आणि सगळ्यांना सर म्हणायची. मला आयुष्यात कुणी सर म्हणलं नव्हतं. मी तिला सांगितलं, "बाई, मला नाना म्हण. सर म्हणलीस की मागं वळून बघावं लागतं, कुणाला म्हणतेय ते."

काम चांगलं चाललं. तिकडच्या बाया आमच्याशी बोलून रडायच्या आणि मग चांगला शेरा द्यायच्या. बिघाड पुढं झाला.

एक दिवस तन्वीनं आम्हाला मधल्या फलाटावर गोळा केलं. हातात ती पाटीसारखी काच. तोंड उतरलेलं.

"क्लायंटची तक्रार आहे," ती म्हणाली. "गेलेली माणसं परत येतायत."

"मग?" रजियाभाभी म्हणाली. "चांगलंय की."

"चांगलं नाहीये, भाभी. फारकत झालेला एक नवरा परत येऊन अंगणातलं गवत कापत बसलाय. तिथं दुसरा नवरा आहे आता. तो बिचारा याला चहा नेऊन देतो. एका कारखान्यात कामावरनं काढलेला माणूस येऊन आपल्या खुर्चीवर बसला. खुर्चीवर नवा माणूस होता. दोघं अर्धी अर्धी खुर्ची घेऊन बसतात." तिनं माझ्याकडं बघितलं. "आणि नाना, तुमची केस. ते वारलेले आजोबा."

"त्याचं काय?"

"ते आले. चष्मा मागतायत. घरच्यांनी तो देऊन टाकलाय."

"एवढ्या घाईनं कशाला द्यायचा?" मी म्हणलं.

चौकशी झाली. सगळ्यांचे कॉल ऐकले. कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. विचारपूस नीट, रडणाऱ्याला थांबू देणं नीट, काळजी घ्या म्हणणं नीट. फक्त शेवटी प्रत्येकानं म्हणलं होतं, "बरं, येतो." मशीननं ते जसंच्या तसं फिरवलं होतं. वतीनं शब्द दिलेला, कलम लागू, त्यामुळं माणसांना यावं लागत होतं.

"म्हणजे तुम्ही 'जातो' म्हणायला हवं होतं," तन्वी म्हणाली.

 मग रजियाभाभीनं दोन्ही कानांना हात लावले. "अगं, असं कुणी म्हणतं व्हय? भरल्या घरातनं?"

मग आमचं ट्रेनिंग झालं. रोज दुपारी आम्ही आपापल्या फलाटावर उभं राहून 'जातो' म्हणायचं. तोंडातनं निघायचं नाही. कुणाला ठसका लागायचा, कुणी जांभई द्यायचं. मी म्हणलो एकदा, पण ते 'जा तो' असं दोन तुकड्यांत निघालं आणि मशीननं त्याचा अर्थ 'त्याला हाकला' असा लावला. त्यावरनं आणखी एक तक्रार आली.

"इतकं काय अवघड आहे त्यात?" तन्वी वैतागली. "साधा शब्द आहे. निघताना म्हणायचा, बस." तिनं हेल्मेट उचललं, पर्स घेतली, दारात वळली आणि म्हणाली, "चला, येते मी."

कुणी हसलं नाही. ती तशीच दारात उभी राहिली. मग हेल्मेट घालून गेली, आणि दुसऱ्या दिवशी आली, म्हणली होती तशी.

त्यानंतर क्लायंटच पडद्यावर आला. डग्लस नाव. गोरा, घामेजलेला, सज्जन माणूस होता. डोक्याला वैताग झालेला दिसत होता, कारण त्याच्या स्वतःच्या ऑफिसात काढून टाकलेली माणसं परत येऊन बसल्यानं जागा उरली नव्हती. त्यानं तोडगा आणला होता. आम्ही काहीही म्हणावं. मशीनमध्येच 'येतो' चा अर्थ बदलून 'जातो' करायचा. फक्त ही ज्यांची भाषा, त्या सगळ्यांनी त्या काचेवर अंगठा द्यायचा, की होय, आमच्यात येतो म्हणजे जातो.

तन्वीला हायसं वाटलं. "झालं. पाच मिनिटांचं काम. नाना, तुम्ही आधी."

मी अंगठा पुढं केला आणि थांबलो. "हे कधीपासनं लागू?"

"मागच्या तारखेपासून. नाहीतर आलेले परत कसे जाणार?"

"मागच्या म्हणजे कुठपर्यंत?"

तिनं डग्लससाहेबाला विचारलं. साहेबानं कुणाला तरी विचारलं. उत्तर आलं, की पहिल्यापासून. शब्द ज्या पत्त्यावर बोलला गेला, तो पत्ता धरून.

"पत्ता म्हणजे हा स्टँड," मी म्हणलं. "म्हणजे ऑफिसच्या आधी इथं जो कोणी 'येतो' म्हणला, त्याचंसुद्धा?"

तिनं पुन्हा विचारलं. बराच वेळ लागला. "हो," ती म्हणाली. "त्यांचंसुद्धा. सिस्टिमला वेगळं करता येत नाही म्हणे."

मी अंगठा मागं घेतला आणि खिशात घातला.

आमची मंडळी, हौसा, ह्याच फलाटावरनं गेली. दुपारची विटा गाडी होती. पोटात दुखायचं, म्हणून भाऊ मोठ्या दवाखान्यात दाखवायला घेऊन चालला होता. मी टपावर दुसऱ्याचं पोतं चढवत होतो, तर खालनं ओरडली, "कुकरची रिंग तेवढी आणून ठेवा. शिट्टी होत नाही." मी वरनं म्हणलं, "आणतो." ती म्हणली, "येते." गाडी गेली. मागनं दवाखान्याच्या गाडीतनं जे आणलं, ते तिचं येणं नव्हे. मी तेव्हाही ते मानलं नाही. येणं म्हणजे आपल्या पायानं, पिशवी घेऊन, कंडक्टरशी सुट्ट्यावरनं भांडत. ते अजून व्हायचं होतं. ती म्हणली होती येते, आणि हौसा शब्दाला फिरणारी बाई नव्हती. आता एका परक्या माणसाची खुर्ची मोकळी व्हावी म्हणून मी अंगठा द्यायचा, की नाही, ती जाते म्हणली होती?

"मी देणार नाही," मी म्हणलं.

"नाना, ऐका जरा." तन्वी शेजारी येऊन बसली. "नाही दिला तर ऑफिस बंद. काम दुसऱ्या देशात जाईल. तिथली माणसं सरळ जातो म्हणतात. माझी पण नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"असं काय बोलता?"

"मग कसं बोलू? तुझ्या नोकरीसाठी माझी बायको घालवू?"

 तिला राग आला होता आणि तो यायलाच पाहिजे होता. मग तिनं काच रजियाभाभीपुढं धरली. रजियाभाभीनं काचेकडं बघितलंच नाही. म्हणाली, "ह्या फलाटावरनं गेलेत ते. पानाची पिचकारी टाकून म्हणले, येतो. बेशरम माणूस. पण म्हणले होते." आणि तिनं हात पदराखाली घेतले.

बाकीच्यांनीही हात मागं घेतले. प्रत्येकाचं कुणीतरी ह्या स्टँडातनं गेलेलं होतं. तन्वी काच घेऊन सगळ्या फलाटांवरनं फिरली आणि माझ्याकडं परत आली.

"आता माझा राहिला," ती म्हणाली. "मी रोज इथनं येते म्हणून जाते, नाना. मी अंगठा दिला तर उद्या मला येता येणार नाही."

"नाहीच येणार."

"मग काय लिहू त्यांना?"

"लिही, आमच्यात येतो म्हणजे येतो."

तिनं तसं लिहिलं. कंपनीनं करार संपवला.

आता करार संपवायचा म्हणजे डग्लससाहेबानं आमचा निरोप घ्यायला पाहिजे. नियमच होता. पण त्यांच्याकडं निरोपाचा विभाग उरलेला नव्हता, तो सगळा आमच्याकडं दिलेला. म्हणून त्यांनी आमचा निरोप घ्यायचं काम आमच्याकडंच पाठवलं. ते शेवटचं काम. ते माझ्या फलाटावर पडलं.

मी हेडफोन लावला. मागं राहणारी म्हणून तन्वी समोरच्या बाकावर बसली आणि तिनंही लावला. हाताच्या अंतरावर होतो, तरी कॉल नीट जोडला.

"बाई, मी डग्लस बोलतोय," मी म्हणलं.

"बोला सर."

"निघायची वेळ झाली. तुमच्या लोकांनी चांगलं काम केलं. मी रागावलो असेन तर मनात ठेवू नका. माझ्या पण डोक्याला ताप होता."

"नाही सर. काही नाही मनात."

"तू जेवतेस का वेळेवर? वाळलीयस. स्कूटी सावकाश चालव. बायपासला ट्रकवाले बघत नाहीत. आईला सांग, पोरीनं गावच्या माणसांना सांभाळून घेतलं."

"तुम्ही पण जपा," ती म्हणाली. "काठी घेऊन चालत जा, नाना."

"नाना नव्हे. डग्लस."

"सॉरी सर."

"बरं," मी म्हणलं, "येतो."

मशीननं ते फिरवलं, कॉल बंद झाला आणि पडद्यावर हिरवी खूण आली. खुर्च्या, पंखे, मशिनी टेम्पोत घालून नेल्या. हेडफोन माझ्या गळ्यात राहिला तो कुणी मागितला नाही. तन्वीनं हेल्मेट घातलं आणि आम्हाला म्हणाली, "येते." आम्ही म्हणलं, "ये."

स्टँड मोकळा झाला. शेरडं परत आली. मी मात्र रोज जाऊन आपल्या फलाटावर बसायचो. रजियाभाभीनं बांगड्यांची पेटी पुन्हा मांडली. गिऱ्हाईक नव्हतंच. तन्वी अधूनमधून पुण्यावरनं यायची, म्हणली होती तशी. डबा खायची आणि जायची.

त्या दिवशी ती आली होती. आम्ही तिघं शेंगा फोडत होतो. दुपारचं ऊन होतं. बायपासवरनं एक लाल गाडी खाली उतरली, वळण घेऊन आत आली आणि विट्याच्या फलाटाला लागली. टपावर सामान होतं. तशी गाडी आता नसते, टपाला शिडी असलेली. पुढची पाटी खडूनं लिहिलेली होती.

पहिला डग्लससाहेब उतरला. पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा बुटका होता. तन्वी उठली. तो काहीतरी म्हणाला आणि तिनं मला सांगितलं, "म्हणतात, काम काही नाही. पण यावं लागलं."

"बस म्हणावं," मी म्हणलं. "शेंगा खातो का विचार."

मागनं हुसेन उतरला. बगलेत मस्कतचं ब्लँकेट, तोंडात पान. रजियाभाभीनं त्याला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आधी ते थुंक. मग बोल." तो थुंकला.

मग कंडक्टरचा आवाज आला, बाई, सुट्टे नाहीत तर मी काय करू, आणि त्यावर दुसरा आवाज. मी फलाटाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. टपावर बघितलं, तिचं वर काही नव्हतं. पिशवी हातातच होती.

हौसा खाली उतरली. तिनं मला बघितलं, माझे केस बघितले, गळ्यातला हेडफोन बघितला.

"हे काय घातलंय?"

"कामाचं आहे."

"केवढे म्हातारे झालाय." तिनं पिशवी माझ्याकडं दिली. "रिंग आणली का?"

"त्याच दिवशी आणली. खिळ्याला लावलीय."

"वाळली असेल आता."

"वाळली असेल," मी म्हणलं.

आम्ही घराकडं निघालो. वाटेत दुकान उघडं होतं, तिथं नवी घेतली.